कपाटाचा कर्ण

छत्तीस वर्षे महसुलाच्या चाकरीत राहून दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी, वाटण्या, अतिक्रमणे आणि पोटहिस्से केवळ कागदाच्या आधारे निकालात काढलेल्या, आणि त्या संपूर्ण मुदतीत स्वतःच्या घरातील भिंतीत एक खिळादेखील सरळ ठोकू न शकलेल्या इसमाने, सेवानिवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच वैशाखात कपड्यांचे कपाट स्वहस्ते बांधण्याचा संकल्प का सोडावा, याचा समाधानकारक खुलासा आमच्या घरी अद्याप कोणाला करता आलेला नाही. मी स्वतः या बाबतीत तीन जबाब दिले. तिन्ही परस्परविसंगत असल्याचे आमच्या सौभाग्यवतींनी जागच्या जागी दाखवून दिले आणि प्रकरण दप्तरी दाखल केले.

कर्जतहून कडाववरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे आमचे गाव आहे. भीमाशंकराचा डोंगर खांडसच्या बाजूने पायी चढणारी मंडळी आमच्याच नाक्यावर चहा घेऊन वळतात, आणि उतरताना त्यांच्यापैकी निम्मी मंडळी आमच्याच नाक्यावर गुडघे चोळीत बसलेली आढळतात. नाक्यापासून थोडे आत आमचे वडिलोपार्जित घर आहे: उंच जोत्याचे, कौलारू, मध्ये माळा असलेले. आमच्या आजोबांनी हे घर बांधताना प्रत्येक वस्तूच्या वास्तव्याची तजवीज केली होती. भाताला कणगी होती, दिव्याला कोनाडा होता, लोणच्याच्या बरण्यांना फडताळ होते, दस्तऐवजांना कुलपाची पेटी होती, देवांना देव्हारा होता. कपड्यांना मात्र वलणी. तुळईला दोन दोऱ्यांनी टांगलेला एक आडवा बांबू एवढीच त्या काळच्या वस्त्रप्रावरणांची शासनव्यवस्था असे. आणि पुरुषाला दोन धोतरे व एक कोट, स्त्रीला चार लुगडी, एवढ्या प्रजेवर राज्य करण्यास ती पुरेशीही असे. सणाचे कपडे तेवढे ट्रंकेत जात आणि वर्षातून दोनदा डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन बाहेर येत.

ही व्यवस्था आमच्या कारकिर्दीपर्यंत निर्वेध चालली. परंतु त्या वैशाखाआधीच्या दिवाळीला चिरंजीव सहकुटुंब आले असता सूनबाईंनी हातात एक बॅग धरून अत्यंत मृदू स्वरात, "आई, कपडे कुठे लावू?" असा प्रश्न विचारला, तेव्हा सौभाग्यवतींनी उत्तरादाखल वर बोट केले. सूनबाईंनी वलणीकडे पाहिले, वलणीवरील माझ्या तीन बंड्यांकडे पाहिले, आणि त्या काहीही बोलल्या नाहीत. त्यांची बॅग पाच दिवस तशीच खाटेखाली राहिली. त्या मौनाची नोंद आमच्या घरात ज्या गांभीर्याने घेतली गेली, तेवढ्या गांभीर्याने मी माझ्या नोकरीत आयुक्तांचे तपासणी-शेरेदेखील घेतलेले नव्हते.

कपाट हवे हे ठरले. आता ही वस्तू आपल्याकडे आली कशी, याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. संस्कृतात कपाट म्हणजे पेटी नव्हे, खण नव्हे. कपाट म्हणजे नुसती दाराची फळी. बदरीनाथाची कपाटे उघडली असे म्हणतात ते याच अर्थाने. तेथे कोणी नारायणाला कपड्यांच्या घडीत ठेवलेले नसते. हाच शब्द झिजत झिजत मराठीत 'कवाड' झाला. म्हणजे एका मूळ पुरुषाच्या दोन वारसांत वाटणी होऊन, बोलीत रुळलेल्या धाकट्याने दार घेतले, आणि सोवळ्यात राहिलेल्या थोरल्याच्या वाट्याला दारामागचे खोके आले. काही घरांत बोलली जाणारी 'अलमारी' तर पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरलेली आहे, आणि तिचे लॅटिन कुळ पाहू जाता ती मुळात शस्त्रे ठेवण्याची जागा होती असे निघते. ज्यांनी एकत्र कुटुंबात कपाटाच्या वरच्या खणाचा वाद पाहिला आहे, त्यांना ही व्युत्पत्ती पटण्यास हरकत नसावी. पुढे कुलपांचा कारखाना १८९७ साली सुरू करणाऱ्या गोदरेजांनी १९२३ पासून पोलादी कपाटे बनविण्यास आरंभ केला, आणि थोड्याच पिढ्यांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने त्या आडनावाचे सामान्यनाम करून टाकले. मुलीच्या लग्नात 'गोदरेज दिले' म्हणजे काय दिले, हे कोणाला विचारावे लागत नसे.

मग पोलादी कपाट विकत का आणले नाही, असा रास्त सवाल वाचक करतील. त्याचे उत्तर माझ्या पूर्वायुष्यात आहे. आमच्या माजघरात कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत बरोबर पन्नास इंच जागा आहे. बाजारातले तयार कपाट छत्तीस इंच रुंद असते. ते लावले असता खिडकीच्या बाजूला चौदा इंचांचा एक पट्टा पडीक राहतो. आणि ज्याने अवघे आयुष्य पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या परिपत्रकांवर सही करण्यात घालविले, त्याला स्वतःच्या माजघरात चौदा इंच पोटखराबा डोळ्यांदेखत सहन होणे शक्य नव्हते. जागेच्या मापाचे कपाट जागेवरच बांधले पाहिजे, हे मी त्याच क्षणी मुक्रर केले.

सुतारमामांना बोलावणे धाडले. मामा म्हणजे नात्याने मामा नव्हेत. सगळ्या आळीचे मामा. त्यांच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घराण्याला बलुते होते. नांगर, जू, गाड्याची चाके आणि पाळणे यांची दुरुस्ती वर्षभर करावी आणि सुगीला खळ्यावरून भात न्यावे, असा तो शिरस्ता होता. आता नांगरांची जागा यंत्रांनी घेतली आहे आणि आमच्या आसमंतात मुंबईकरांची फार्महाऊसे भुईछत्रांप्रमाणे उगवली आहेत. त्यामुळे मामा हल्ली लाकडी झोपाळे करतात. त्यांनी आपला हिशेब सांगितला: दोन बंगल्यांचे झोपाळे, एका बंगल्याचे जिने, मग भाताची लावणी, मग गणपतीचे मखर, त्यानंतर कपाट. "दिवाळीला उभं करतो, भाऊसाहेब," मामा म्हणाले. दिवाळीला सूनबाई पुन्हा यायच्या होत्या आणि मामांची दिवाळी कोणत्या सालातली, हे त्यांनी सांगितले नव्हते.

"त्यात एवढे काय आहे?" मी घरात जाहीर केले. "सहा फळ्या आणि दोन दारे!"

"अहो, आधी देवघरातली खुंटी बसवा," सौभाग्यवती म्हणाल्या. "दोन वर्षे झाली सांगतेय."

शेजारच्या गुरुजींनी पंचतंत्रातील मित्रभेदाच्या आरंभीच येणाऱ्या त्या वानराची आठवण करून दिली, ज्याने सुतार जेवायला गेले असताना अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून त्यातली पाचर उपटली आणि प्राणास मुकले. मी गुरुजींना उलट शेजारच्या खालापूर तालुक्याचा दाखला दिला. तेथे चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या चित्रनगरीत पुढे 'जोधा अकबर'साठी अकबर बादशहाचे महाल लाकूड-प्लास्टरात उभे राहिले. जेथे बादशहाचा आख्खा किल्ला राहू शकतो, तेथे माझ्या तीन सदऱ्यांची सोय होणार नाही काय? गुरुजी म्हणाले, तो किल्ला चित्रीकरणापुरता होता. या विधानाचा मर्मार्थ मला श्रावणात समजला.

प्रथम लाकडाचा प्रश्न. आमच्या परसात सागाचे एक झाड आहे, सरळसोट, माझ्याच वयाचे. ते तोडावे असा विचार मनात येताच त्याच मनातील अव्वल कारकून जागा झाला. साग हा आपल्याकडे कधीच निव्वळ झाड नव्हता. तो दरबारी इसम होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रातदेखील आरमारासाठी सागवान तोडावयाचे तर हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आणि रयतेच्या आंबा-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. स्वराज्य गेले, कंपनी आली, राणी आली, पुन्हा स्वराज्य आले. सागाची परवानगी तेवढी राहिली. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यान्वये माझ्या परसातला साग माझा असूनही त्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी मला दरखास्त द्यावी लागणार होती, आणि अशा दरखास्तींचे पुढे काय होते हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते, कारण त्यांवर 'त्रुटींची पूर्तता करावी' असे लाल शाईने लिहिण्यात मी तारुण्य वेचले होते. शिवाय मामांनी जाता जाता सांगितले की ओले लाकूड निदान दोन पावसाळे सावलीत वाळल्याशिवाय कामाचे नाही. साग वाचला. तो आजही उभा आहे आणि माझ्याकडे पाहून हसतो असा मला संशय आहे.

तेव्हा प्लायवूड. कर्जतच्या वखारीत मालकांनी मला दोन तक्ते दाखविले: एक साधा, दुसरा मरीन. मरीन म्हणजे आय.एस. ७१० या मानकाचा. त्याचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी त्याची परीक्षा असते. आपले कपडे कपाटासकट शिजविण्याचा माझा इरादा नसल्याचे मी सांगितले. त्यावर मालक, "साहेब, तुम्ही कशेळ्याचे ना? मग पाऊस आणि उकळणं यात फरक काय?" असे म्हणाले, आणि आमच्याकडे वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो हे स्मरून मी गुमान मरीनचे पैसे मोजले.

हा तक्ता मोठा चमत्कारिक नागरिक आहे. त्याची लांबी-रुंदी आठ फूट बाय चार फूट. पण जाडी अठरा मिलिमीटर. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. परंतु लाकडाच्या दुनियेत तो फक्त जाडीपर्यंत पोहोचला, लांबी-रुंदी अद्याप इंग्रजांच्या ताब्यात आहे. मला याचे नवल वाटू नये. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहून बांधावर गुंठ्यांत भांडणारे लोक मी आयुष्यभर पाहिले आहेत. त्यात भर म्हणजे मामांचे माप तिसरेच. सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि त्या प्रत्येक भागाला 'सूत' म्हणतो. मिलिमीटर त्याला बारीक वाटतो, इंच ढोबळ वाटतो. त्याची अवघी विद्या सुतात आहे. सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारापासून आलेला, सूत धरून मापणारा तो सूत्रधार. तोच नाटकात शिरला तेव्हा नांदी म्हणू लागला आणि गावात राहिला तेव्हा नांगर करू लागला.

मी कागद घेतला. कागदावर मी कोणाला हार जाणारा नव्हे. रुंदी ४८ इंच, उंची ९० इंच, खोली १८ इंच असा नकाशा मी शाईने काढला, त्यास तारीख घातली आणि खाली सही केली. सौभाग्यवतींनी तो चष्मा लावून पाहिला व एकच शेरा मारला: "तुमचा कोट कसा राहणार?"

हा कोट म्हणजे निरोपसमारंभासाठी शिवलेला माझा काळा कोट. त्यानंतर तो मी झेंडावंदनाला आणि लग्नांना, म्हणजे वर्षातून फार तर चार वेळा, घातला आहे. परंतु मुद्दा बिनतोड होता. कोटाचा हँगर सतरा इंच रुंद असतो, खांद्यांचा फुगवटा वेगळा. अठरा इंचांच्या कपाटात तो आडवा टांगला तर दाराला घासतो, म्हणून टांगण्याचे कपाट चोवीस इंच खोल करण्याची वहिवाट आहे. मी नकाशात दुरुस्ती केली. खोली १८ चे २४ इंच, असे लिहून बाजूला लघुस्वाक्षरी केली. या सहा इंचांनी पुढे काय अनर्थ केला, तो यथावकाश येईलच.

भाड्याने आणलेली विजेची करवत मी सुरू केली त्या दिवशी वळवाचा वारा सुटला आणि आमच्या गल्लीतल्या तारेवर फांदी पडली. आमच्याच तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, भिवपुरीचे वीजगृह १९२२ पासून डोंगरावरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण करीत आहे; परंतु फांदीपुढे कोणाचे काय चालते! मी हाताची करवत घेतली. आठ बाय चारचा तक्ता उभा चिरला म्हणजे चोवीस-चोवीस इंचांच्या दोन बाजू निघतात, असे माझा नकाशा सांगत होता. तक्ता चिरला. एक बाजू चोवीस इंच भरली, दुसरी चोवीसाला एक सूत कमी. मी तीन वेळा मोजले, टेप बदलला, चष्मा बदलला. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या मामांना हाक मारली. त्यांनी जमिनीवरच्या भुशाकडे बोट दाखविले. "ते सूत इथं पडलंय, भाऊसाहेब." करवतीच्या पात्यालाही जाडी असते आणि प्रत्येक कापात ती आपले सूतभर लाकूड खाते. हक्कदाराला मिळण्यापूर्वी मधल्या माणसाने आपली दस्तुरी कापून घ्यावी, हा न्याय मला अपरिचित नव्हता. केवळ तो लाकडातही चालतो याची कल्पना नव्हती.

आडव्या फळ्यांचा प्रकार याहून लाजिरवाणा आहे. कपाट अठ्ठेचाळीस इंच रुंद, म्हणून पाचही फळ्या अठ्ठेचाळीस इंच कापल्या. दोन्ही बाजूंच्या जाडीचे छत्तीस मिलिमीटर, म्हणजे इंच आणि तीन सुतांहून थोडे अधिक, वजा करावयाचे राहून गेले. मी कपाळाला हात लावून बसलो असता मामा उलट प्रसन्न झाले. "लांब आहेत ना? मग काय बिघडलं नाय. आखूड असतं तर रडायचं." महसुलात याच्या नेमके उलट असते; तेथे लांब भरलेल्या जमिनीवरच खटले होतात.

मग जोडणी. पूर्वी सुतार सरस शिजवीत, आणि त्याचा दर्प आळीभर पसरला की कोणाकडे तरी नवे दार होते आहे हे कळे. १९५९ पासून बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने तो दर्प आणि ती बातमी दोन्ही संपविली. मी तो पांढरा चिक्का सांध्यांना, बोटांना, लेंग्याला आणि एकदा मांजराला लावला. तिसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली; कशेळ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, या गोष्टीचे महत्त्व मला पूर्वी एवढे कधी वाटले नव्हते. तेथील परिचारिकाबाईंनी, "काका, काय करत होतात?" असे विचारले असता मी, "कपाट," असे सांगितले, आणि त्यांनी ज्या नजरेने पाहिले त्यावरून अशा रुग्णांचे स्वतंत्र नोंदणीपुस्तक असावे असा माझा समज झाला.

पाचव्या दिवशी कपाटाचा सांगाडा माजघरात जमिनीवर उताणा पूर्ण झाला. पाठीची फळी वगळता सर्व सिद्ध. आता उभा करावयाचा. चिरंजीव रविवारी आले होते, गुरुजी होते, आळीतले दोन तरणेबांड मुलगे होते. आम्ही जय बजरंगबली म्हणून उचलला. सांगाडा डौलाने उठू लागला, निम्मा उठला, पाऊण उठला, आणि माळ्याच्या तुळईला त्याचा वरचा पुढचा कोपरा खट्‌कन लागून जागीच थांबला. पुढे जाईना. मागे घेतला, पुन्हा उचलला, पुन्हा खट्. कपाट नव्वद इंच, तुळई ब्याण्णव इंच. दोन इंच मोकळे असताना ते उभे का राहू नये, हे कोणालाच कळेना. पाच माणसे त्रिशंकूचा भार दोन्ही हातांनी तोलून धरून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

अखेर गुरुजींनी एक हात सोडवून खिशातला खडू काढला आणि कपाटाच्याच कुशीवर गणित मांडले. आडवी वस्तू उभी होताना तिची उंची आडवी येत नाही. तिचा कर्ण आडवा येतो. शाळेत हा सिद्धांत पायथागोरसाच्या नावे शिकवितात, पण यज्ञवेदी दोरीने मापणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात तो केव्हाच सांगितलेला आहे, असे गुरुजींनी त्याही अवस्थेत नमूद केले. नव्वदाचा वर्ग आठ हजार शंभर, चोविसाचा पाचशे शहात्तर; बेरजेचे वर्गमूळ ९३ इंच आणि एक सूत, वर थोडे. तुळई ब्याण्णवावर. अतिक्रमण: एक इंच, एक सूत. भारतीय युद्धातील कर्णाला ऐन वेळी विद्या आठवली नाही, हा त्याला शाप होता. मला ती ऐन वेळी आठवली, आणि तोही शापच होता.

गुरुजी तेवढ्यावर थांबते तर बरे झाले असते. परंतु शिक्षकी पेशात हात गुंतला की गणित सुटेपर्यंत सोडवत नाही. त्यांनी खाली दुसरे गणित केले: मूळ नकाशाप्रमाणे खोली अठरा इंच असती तर? कर्ण ९१ इंच आणि सव्वासहा सूत. म्हणजे कपाट तुळईखालून पावणेदोन सूत मोकळे ठेवून सुखरूप उभे राहिले असते. माजघरात शांतता पसरली. मग, कोणीही न सांगता, सर्वांच्या नजरा वलणीवरच्या माझ्या काळ्या कोटाकडे वळल्या. कोटाचा मुद्दा प्रथम कोणी काढला होता, याची आठवण करून देण्यासारखी ती वेळ नव्हती, आणि पाच माणसांचे हात गुंतलेले असताना सौभाग्यवतींचे दोन्ही हात कमरेवर होते.

मामा आले. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात सारली, सांगाड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, गुरुजींच्या गणितावरून तळहात फिरवून ते पुसून टाकले, आणि खालच्या टोकापासून चार इंचांवर पेन्सिलीने रेघ ओढली. तेवढा भाग त्यांनी करवतीने उतरवून घेतला. उरलेला शहाऐंशी इंचांचा सांगाडा, ज्याचा कर्ण नव्वदाच्या आत येतो, दोघांनीच सहज उभा केला. मग कापलेल्या पट्ट्यांची चार इंचांची चौकट करून ती त्याखाली सरकवली. कपाटाची उंची पुन्हा नव्वद इंच झाली. हे सारे पाऊण तासात. "बैठक नेहमी वेगळी करायची," मामा म्हणाले. त्यांनी बौधायन वाचलेला नाही. परंतु बौधायनालाही माळ्याची तुळई ठाऊक नसावी. मामांनी पैसे घेतले नाहीत, पाचही फळ्यांची उतरलेली टोके मात्र मागून नेली. मी दोन पायल्या तांदूळ दिले. आमच्या घरातून सुताराला बलुते जाण्यास बहुधा पन्नास वर्षांचा खंड पडला होता.

यानंतर मी ओळंबा सोडून भिंत पाहिली आणि भिंत ओळंब्यात नाही असे आढळले. कपाट तळाशी भिंतीला टेकते तेव्हा माथ्याशी दोन इंच फट राहते. आजोबांनी बांधलेली भिंत वाकडी म्हणावी, की माझे कपाट सरळ असण्याचा दोष पत्करावा? मी फटीवर एक पट्टी ठोकली. वाटणीपत्रात अशा जागेला 'सामाईक' म्हणतात.

उरली दारे. येथे माझ्या प्रतिभेला बहर आला. आमचा गोठा पाडला तेव्हाची आंब्याच्या फळ्यांची दोन जुनी कवाडे माळ्यावर पडून होती. त्या कवाडांचेच कपाट करावे, म्हणजे दुरावलेले दोन भाऊ शब्दकोशाबाहेर पुन्हा एकत्र येतील, या कल्पनेने मी इतका हरखलो की मामांचा सल्ला माझ्या कानावरून गेला. मामा म्हणाले होते, "दोन दारांत दोन सूत फट ठेवा." मी फट ठेवली नाही. ज्याने सुताच्या हिशेबापायी एवढी नामुष्की सोसली, तो आता दोन सूत मोकळे सोडणार? मी रंधा मारमारून ती दारे अशी बसविली की मिटल्यावर मध्ये पोस्टकार्ड जाऊ नये. बिजागऱ्या बाहेरून दिसू नयेत म्हणून त्याही आतून लावल्या. वैशाखाच्या अखेरीस कपाट पूर्ण झाले. घरातले सगळे चांगले कपडे त्यात गेले, ट्रंक रिकामी झाली, सौभाग्यवतींच्या पैठणीला स्वतंत्र खण मिळाला, कोट चोवीस इंचांच्या प्रशस्त अवकाशात ऐटीत लोंबकळू लागला. सूनबाईंना फोटो पाठविण्यात आला. त्यांनी टाळ्या वाजविणारे हात पाठविले.

मृग लागला. लाकूड लांबीत वाढत नाही. रुंदीत वाढते, आणि हवेत ओल असेल तितके वाढते. आंब्याचे तर विशेष. ही गोष्ट गोठ्याच्या कवाडांना ठाऊक होती, कारण त्यांच्यात आजोबांनी बोटभर फट ठेवली होती; म्हशीला तिचे काही वाटत नसे. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात दारे जड झाली. दुसऱ्यात ती आवाज करू लागली. त्याच आठवड्यात एकादशीला सोवळे काढावे म्हणून सौभाग्यवतींनी कपाट उघडू पाहिले, तो दोन्ही कवाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून अशी उभी, जशी सामाईक बांधावरून कधी भांडलीच नव्हती. मी ओढले. चिरंजीवांनी ओढले. मूठ हातात आली.

मामांना पाचारण केले. बिजागऱ्या बाहेर असत्या तर त्यांच्या खिळी ठोकून दारे उतरविता आली असती. त्या आत होत्या. पाठीमागून जावे, तर पाठीच्या फळीला मी स्वतः बावन्न स्क्रू मारून ती भिंतीशी पट्टीने बंदिस्त केली होती. "फोडू का?" मामांनी विचारले. मी नाही म्हटले. मामांनी दारावर कान ठेवल्यासारखे केले आणि निकाल दिला: "मग थांबा, भाऊसाहेब. दसऱ्याला आपोआप उघडंल."

आम्ही थांबलो. वलणी पुन्हा कामावर रुजू झाली. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनासाठी प्रमुख पाहुणा म्हणून निमंत्रण होते; मी कोटावाचून गेलो, आणि ज्या कोटासाठी कपाट सहा इंच खोल झाले, तो आतल्या अंधारात त्याच्या अठरा इंचांवरील विजयाचा उपभोग घेत राहिला. गौरींना पैठणीऐवजी रोजचीच साडी नेसली गेली, त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची मला परवानगी नाही. घटस्थापना झाली, पावसाने काढता पाय घेतला, ऑक्टोबरचे ऊन माजघरात उतरले, आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमारास, घरात सर्वत्र निजानीज झाली असता, कपाटाची दोन्ही दारे कोणी हात न लावता एक दीर्घ निःश्वास टाकून उघडली. आतून बुरशीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा संमिश्र दरवळ आला. कोटाच्या खांद्यांवर पांढरी शाल पांघरल्याप्रमाणे बुरशी होती. सत्कारमूर्ती वाटत होता.

तेव्हापासून दारे मिटत नाहीत, ती दोरीने बांधावी लागतात. पण मे अखेरपर्यंत कपाट निर्धोक असते, आणि सूनबाई दिवाळीत आल्या तेव्हा त्यांनी आपली बॅग त्यात रिकामी केली, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. बदरीनाथाची कपाटे वैशाखात उघडतात आणि कार्तिकाच्या सुमारास मिटतात. आमची त्याच्या उलट. फट काढावी, असे मामा म्हणतात. त्यांची दिवाळी अजून यावयाची आहे.

तरी गेल्या लग्नसराईत आमच्याकडे मुक्कामास येऊन ज्यांच्या शाली, उपरणी अथवा टोप्या सदरहू कपाटात राहिल्या असतील, त्यांनी ओळख पटवून त्या मृग नक्षत्रापूर्वी घेऊन जाव्यात. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार दसऱ्यापर्यंत केला जाणार नाही.